यॉटवरील नोकरीचा अर्ज : दिलेला शब्द आणि तपासलेला शब्द

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या समारंभात व्यवसाय-मार्गदर्शनाचा विषय निघाला की वैद्यक, अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा आणि संगणक ही नावे ठरल्या क्रमाने येतात. आजचा विषय त्या यादीत बसणारा नाही. श्रीमंतांच्या आलिशान नौकांवर, म्हणजे यॉटवर, काम मिळवण्यासाठी परिचयपत्र कसे लिहावे आणि अर्ज कसा करावा, हा तो विषय होय. या नोकरीला पदवीची अट नसते, राहण्याजेवण्याचा खर्च नसतो आणि पगार परकीय चलनात मिळतो. त्यामुळे बारावीनंतरच्या मुलामुलींना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्याच आकर्षणापोटी दागिने गहाण टाकून दलालाच्या हाती रक्कम ठेवणारी आणि पुढे त्याचा फोनही न लागणारी कुटुंबे समाजात आहेत. म्हणून अर्जाचा विचार येथे दोन्ही अंगांनी करावयाचा आहे. अर्ज म्हणजे एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द. तो देताना खरा असावा लागतो, आणि समोरच्याचा शब्द घेताना तितक्याच कसोशीने तपासावा लागतो. पहिली गोष्ट विद्यार्थ्याने शिकावयाची आहे; दुसरीत पालकांचाही वाटा आहे.

नौका आणि तिच्यावरचे काम

यॉट म्हटले की शिडाची छोटी होडी डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेली नौका निराळी. २४ मीटर आणि त्याहून अधिक लांबीच्या नौकेला नियमांच्या भाषेत मोठी यॉट मानतात, आणि काही यॉटची लांबी १०० मीटरच्याही पुढे जाते. जी मालकाच्या स्वतःच्या वापरात असते ती खासगी यॉट, आणि जी पाहुण्यांना ठरावीक दिवसांसाठी भाड्याने दिली जाते ती चार्टर यॉट. चार्टर यॉटवर सामान्यतः १२ पर्यंतच प्रवासी नेता येतात. पण त्या बारा जणांच्या सेवेला पुष्कळदा त्यांच्याहून अधिक माणसे असतात. नौकेची नोंदणी केमन बेटे, माल्टा किंवा मार्शल बेटे अशा ठिकाणची, मालक एका देशाचा, कप्तान दुसऱ्या देशाचा आणि डेक धुणारा तरुण तिसऱ्याच देशाचा, हे या व्यवसायातले नेहमीचे दृश्य आहे.

या नौका ऋतूप्रमाणे फिरतात. उन्हाळ्यात त्या भूमध्य समुद्रात असतात, हिवाळ्यात पुष्कळ नौका अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे जातात. फ्रान्समधील आंतीब, स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा आणि अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल ही भरतीची जुनी ठिकाणे. भूमध्य समुद्रातील मोसम साधारण मे महिन्यात सुरू होतो, म्हणून तेथील कप्तान मार्च-एप्रिलमध्ये माणसे शोधतात. कॅरिबियनच्या मोसमासाठी हीच धावपळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. अर्ज कितीही चांगला असला तरी जुलैच्या मध्यावर पोहोचला, तर तो वाचणाऱ्याला त्या वेळी माणसाची गरज नसण्याचीच शक्यता अधिक.

कामाचे चार विभाग असतात. डेकवर डेकहँड, त्याच्यावर बोसन, त्याच्यावर मेट आणि सर्वांवर कप्तान. आतल्या दालनांची, जेवणाच्या टेबलाची आणि कपड्यांची व्यवस्था स्ट्यूअर्ड व स्ट्यूअर्डेस पाहतात. स्वयंपाकघर शेफकडे आणि इंजिनघर इंजिनिअरकडे असते. नवख्या माणसाला प्रवेश मिळतो तो बहुधा डेकहँड किंवा कनिष्ठ स्ट्यूअर्ड म्हणून. छायाचित्रांत दिसते ते निळे पाणी पाहुण्यांसाठी असते. नवख्याच्या वाट्याला येते ते पहाटे डेकवरचे दव पुसणे, स्टीलचे कठडे चमकवणे, चादरींना इस्त्री करणे आणि तीच खोली दिवसातून अनेकदा आवरणे.

कोकणाला आणि गोव्याला ही उतरंड परकी नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे स्वयंपाकी व स्ट्यूअर्ड पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. सारंग, तांडेल, सुखाणी, भंडारी हे शब्द त्याच जगातले. आजचा बोसन म्हणजे जुना सारंगच. जहाज मिळेपर्यंत गोव्याच्या खलाशांना राहता यावे म्हणून गावागावांनी मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात आपापले कूड चालवले. आंतीबमध्ये काम शोधणारे तरुण ज्या सामायिक घरांत राहतात, त्यांना आज क्रू हाउस म्हणतात. गरज तीच आहे.

लिहिण्याआधीचे कागद

परिचयपत्र लिहावयास बसण्यापूर्वी दोन कागद हाती असावे लागतात. पहिला वैद्यकीय दाखला. यॉटच्या क्षेत्रात ब्रिटनच्या सागरी प्रशासनाचा ईएनजी-१ हा दाखला सर्वत्र ओळखला जातो. तो त्या प्रशासनाने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच मिळतो आणि जास्तीत जास्त २ वर्षे चालतो. दुसरा कागद एसटीसीडब्ल्यू मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचा. नाविकांचे प्रशिक्षण आणि पहारा यांविषयीचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७८ सालचा. २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. या प्रशिक्षणात समुद्रात जीव वाचवण्याचे तंत्र, आग प्रतिबंध व अग्निशमन, प्राथमिक उपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी असे चार भाग असतात. त्यांच्या जोडीला नौकेच्या संरक्षणाविषयीचा एक छोटा अभ्यासक्रम असतो. जीव वाचवण्याचे तंत्र आणि अग्निशमन यांतील पात्रता दर ५ वर्षांनी ताजी करावी लागते.

या दोन कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षण. डेकवर पहारा देणाऱ्याला दुरून दिसणाऱ्या दिव्याचा रंग ओळखता आला पाहिजे, कारण लाल आणि हिरव्या दिव्यांवरूनच समोरची नौका कोणत्या बाजूने येते आहे ते कळते. रंगांधळेपणा असलेल्या तरुणाला पहाऱ्याचे काम मिळत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना तपासणीच्या खोलीतच प्रथम कळते. तोपर्यंत डेकच्या प्रशिक्षणावर खर्च झालेला असेल, तर तो वाया जातो. प्रशिक्षणसंस्था निवडताना तिला भारत सरकारच्या नौवहन महानिदेशालयाची मान्यता आहे की नाही, हे महानिदेशालयाच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर छापलेले बोधचिन्ह हा पुरावा मानू नये.

बायोडेटाची सवय आणि परिचयपत्राची रीत

मराठी घरांत बायोडेटा हा शब्द पहिल्यांदा कानावर येतो तो लग्नाच्या निमित्ताने. वडिलांचे नाव व व्यवसाय, मामांचे आडनाव, रास, नाडी, गोत्र, शेती किती, घर स्वतःचे की भाड्याचे, असा त्याचा साचा असतो. नोकरीचे परिचयपत्र लिहितानाही हात नकळत त्याच साच्याकडे वळतो. यॉटच्या कप्तानाला यांतल्या एकाही गोष्टीचा उपयोग नाही. त्याच्यापुढे मोसमाच्या तोंडावर अर्जांचा ढीग असतो आणि प्रत्येक अर्जावर तो फार थोडा वेळ देऊ शकतो. तेवढ्या वेळात त्याला चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात : ही व्यक्ती कोणत्या कामासाठी अर्ज करते आहे, तिच्याकडे आवश्यक कागद आहेत काय, ती कोठे आहे व केव्हा येऊ शकेल, आणि तिच्याविषयी कोणाला विचारता येईल.

म्हणून परिचयपत्र एका पानाचे, फार तर दोन पानांचे असावे. वरच्या बाजूला नाव आणि ज्या पदासाठी अर्ज आहे ते पद. त्याखाली राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, सध्याचे शहर, रुजू होण्याची तारीख, हाती असलेले व्हिसा, देशाच्या सांकेतिक क्रमांकासह दूरध्वनी आणि साधा, गंभीर वाटेल असा ई-मेल पत्ता. धूम्रपान करतो की नाही आणि गणवेशाबाहेर दिसणारा टॅटू आहे की नाही, हेही या क्षेत्रात लिहिण्याची रीत आहे. लहान जागेत अनेकांनी एकत्र राहावयाचे असल्याने ते विचारले जाते. त्यानंतर प्रमाणपत्रे, प्रत्येकाच्या वैधतेच्या तारखेसह. भारतीय नाविकाचे सीडीसी, म्हणजे नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, असेल तर त्याचा उल्लेख येथे करावा. मात्र पासपोर्टचा क्रमांक, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील परिचयपत्रात कधीही देऊ नये. हा कागद अनेक हातांतून जातो आणि त्यांतील प्रत्येक हात स्वच्छ असेलच असे नाही.

ब्रिटन-अमेरिकेतील कार्यालयीन अर्जांत छायाचित्र लावत नाहीत. यॉटच्या क्षेत्रात मात्र ते अपेक्षित असते. कॉलरचा स्वच्छ टी-शर्ट, नीट विंचरलेले केस, साधी पार्श्वभूमी आणि चेहऱ्यावर सहज हसू, एवढे पुरे. काळा चष्मा नको, लग्नसमारंभातील छायाचित्र कापून लावणे नको. तसेच समाजमाध्यमांवर जे काही ठेवलेले असते तेही कप्तान पाहतो, हे गृहीत धरावे.

अनुभव : जो आहे तोच, पण पुरता

बहुतेक नवख्यांची लेखणी अडते ती अनुभवाच्या रकान्यापाशी. समुद्रावर पाऊल ठेवलेले नसते. मग रकाना भरण्यासाठी विशेषणे येतात. कष्टाळू, प्रामाणिक, जबाबदार, संघभावनेने काम करणारा. ही विशेषणे प्रत्येक अर्जात असल्यामुळे त्यांतून कोणाचीच ओळख होत नाही. त्याऐवजी जमिनीवर केलेल्या कामाचा नेमका तपशील लिहिला, तर वाचणारा थांबतो.

समजा, एखाद्या तरुणाने वडिलांबरोबर रंगकामाच्या व्यवसायात ४ वर्षे काढली आहेत. त्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही. पण लाकूड काचकागदाने घासणे, धूळ पुसून घेणे, कडांना टेप लावणे, वार्निशचा हात एकसारखा देणे आणि दोन हातांमध्ये पुरेसा वेळ जाऊ देणे, हे डेकवरचे रोजचे काम आहे. त्याने तेच शब्द लिहावेत : किती वर्षे, कोणती कामे, कोणती साधने. एखाद्या मुलीच्या आईची खानावळ असेल आणि तिने तेथे रोज किती माणसांचे ताट वाढले, हिशेब कसा ठेवला, कोणाला कोणता पदार्थ वर्ज्य आहे हे कसे लक्षात ठेवले, हे लिहिले, तर प्रमुख स्ट्यूअर्डेसला त्यातून पुष्कळ कळते. कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान, शिवणकाम, फुलांची सजावट, दुचाकी दुरुस्ती, लहान मुलांना पोहणे शिकवणे, राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील वर्षे, यांतले काहीही क्षुल्लक नाही. नौकेवर सुतार, धोबी, गवंडी यांना बोलावून आणता येत नाही. जी कला अंगी असेल ती तेथे कामी येते. ज्याने आधी नौकेवर काम केले असेल, त्याने नौकेचे नाव, तिची लांबी, ती खासगी की चार्टर, स्वतःचे पद आणि रुजू झाल्या-सोडल्याचे महिने लिहावेत. मध्ये काही काळ रिकामा गेला असेल, तर तो लपवण्यासाठी तारखा ताणू नयेत. घरच्या आजारपणासाठी थांबावे लागले, असे एका ओळीत सांगता येते.

येथेच खऱ्या-खोट्याचा प्रश्न उभा राहतो. शहरातील नोकरीत परिचयपत्रातील अतिशयोक्ती पुष्कळदा खपून जाते. समुद्रावर ती खपत नाही, आणि कारण नैतिक असण्यापूर्वी व्यावहारिक आहे. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेला आग लागली तर अग्निशमन दल येत नाही. नौकेवरची माणसे हेच अग्निशमन दल असते. कोणी नळी धरावयाची, कोणी श्वसनयंत्र लावून आत जावयाचे, कोणी पाहुण्यांना मोजून तराफ्यापाशी न्यावयाचे, याची नेमणूक आधीच झालेली असते, आणि ती करताना कप्तानाने प्रत्येकाच्या कागदांवर विश्वास ठेवलेला असतो. ज्याने पोहता येते असे लिहिले आणि येत नाही, ज्याने लहान मोटारबोट चालवल्याचे लिहिले आणि चालवलेली नाही, त्याच्या एका ओळीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. ‘येत नाही, शिकण्याची तयारी आहे’ हे वाक्य परिचयपत्रात कमीपणाचे नाही.

संदर्भ म्हणून ज्यांची नावे द्यावयाची, त्यांची परवानगी आधी घ्यावी. कप्तान खरोखरच फोन करतो. पलीकडून उत्तर देणाऱ्याला अर्जदाराचे नाव आठवावे लागले, तर तेथेच गोष्ट संपते. नातेवाइकांपेक्षा जुना मालक, प्रशिक्षक किंवा शिक्षक यांचा शब्द वजनदार ठरतो.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला परिचयपत्र इंग्रजीत लिहावे लागते, आणि आत्मविश्वास बहुधा येथेच डळमळतो. मग कोणाकडून तरी जड शब्दांचे पान लिहून घेतले जाते. मुलाखतीत त्या पानातील इंग्रजी आणि तोंडातील इंग्रजी यांचा मेळ बसत नाही, आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही उडतो. समुद्राची इंग्रजी मुळात सोपी आहे, आणि ती जाणूनबुजून सोपी केलेली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये नौकांवरील संभाषणासाठी प्रमाण वाक्प्रयोगांचा संग्रह स्वीकारला. त्यामागची दृष्टी अशी की एका गोष्टीला एकच शब्द असावा, वाक्य आखूड असावे आणि दोन अर्थ निघतील असे क्रियापद टाळावे. अंकही सुटे सुटे उच्चारावेत, म्हणजे दीडशे म्हणावयाचे असेल तर एक-पाच-शून्य. निरनिराळ्या मातृभाषांच्या माणसांना संकटात एकमेकांचे बोलणे कळावे, एवढाच त्याचा हेतू. परिचयपत्राची भाषाही तशीच असावी. आखूड वाक्ये, नेमकी क्रियापदे, शुद्ध अंक. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, राज्याची भाषा आणि इंग्रजी अशा चारही लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे खरी पातळी द्यावी. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत वाढलेले मूल लहानपणापासून तीन-चार भाषांत वावरते. बहुराष्ट्रीय नौकेवर ही सवय उपयोगी पडते.

सोबतचे पत्र तीन लहान परिच्छेदांचे पुरे. पहिल्यात पद आणि नौकेचे नाव, दुसऱ्यात त्या कामाला उपयोगी पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी, तिसऱ्यात उपलब्धतेची तारीख. एकच पत्र शंभर पत्त्यांवर पाठवल्याचे वाचणाऱ्याला लगेच कळते. फाइल पीडीएफ स्वरूपात असावी आणि तिच्या नावात अर्जदाराचे नाव व पद असावे. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तरी ती वाचून घ्यावी. चुकलेल्या एका अंकामुळे दूरध्वनी भलत्याच घरी वाजतो.

व्हिसाचे वास्तव

यॉटच्या नोकरीविषयी जो सल्ला सर्वत्र ऐकू येतो, त्यात डॉकवॉकिंग हा शब्द हमखास असतो. मोसमाच्या आधी बंदरात जाऊन, सकाळी लवकर धक्क्याधक्क्याने फिरून, परिचयपत्राच्या प्रती हातात घेऊन काम विचारणे, असा त्याचा अर्थ. हा सल्ला ज्यांना त्या देशात काम करण्याचा हक्क आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. भारतीय पासपोर्टधारकाची स्थिती वेगळी. शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहू देतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या अशा व्हिसावर काम करण्याचा हक्क नसतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचेही तेच. असा व्हिसा घेऊन धक्क्यावर काम मागणारा तरुण परत पाठवला जाऊ शकतो, आणि नकाराची ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

म्हणून भारतातील अर्जदाराचा मार्ग अधिक लांबचा, पण अधिक सुरक्षित असतो. चांगल्या हॉटेलातील एक-दोन वर्षे, प्रवासी क्रूझ जहाजावरील किंवा व्यापारी जहाजावरील नोकरी, त्यातून मिळालेले सीडीसी व संदर्भ, आणि मग घरी बसून परवानाधारक संस्थेमार्फत किंवा थेट यॉट व्यवस्थापन कंपनीकडे अर्ज. निवड झाल्यावर नौकेकडून पत्र येते आणि व्हिसा त्या पत्राच्या आधारे मागितला जातो.

समोरच्याचा शब्द तपासताना

आता दुसरी बाजू. नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून पैसे घेऊ नयेत, हा विचार अलीकडचा नाही. मुंबईच्या गोदीत एके काळी भरती दलालांच्या आणि सारंगांच्या हाती होती, आणि जहाज मिळण्यासाठी खलाशी त्यांचे हात ओले करीत. जगभरच्या बंदरांत हीच तऱ्हा होती. १९२० मध्ये जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने नाविकांच्या भरतीवर नफा कमावण्यास मनाई करणारा करार केला. आजचा सागरी श्रम करार २००६ सालचा. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्यातील नियम स्पष्ट आहे : भरतीसाठी किंवा नेमणुकीसाठी नाविकाकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेता येत नाही. स्वतःच्या देशाच्या कायद्याने लागणारा वैद्यकीय दाखला, नाविकाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे. व्हिसाचा खर्चदेखील नौकामालकाचा. प्रशिक्षणाची फी या नियमात मोडत नाही. ती शिकण्याची फी आहे, नोकरीची नव्हे. या दोहोंची सरमिसळ करणारी पावती कोणी देऊ लागला, तर सावध व्हावे.

भारतात नाविकांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महानिदेशालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक विचारावा आणि तो महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. फसवणुकीची लक्षणे बहुधा सारखीच असतात. नवख्याला न शोभणारा मोठा पगार, मुलाखतीशिवाय नेमणूक, उद्यापर्यंत पैसे भरण्याची घाई, परत मिळणारी म्हणून मागितलेली अनामत, आणि खऱ्याखुऱ्या प्रसिद्ध यॉटचे नाव घातलेले, सही-शिक्क्याचे पत्र. अशा पत्रातील दूरध्वनी लावून काही सिद्ध होत नाही. पलीकडे तेच बसलेले असतात. व्यवस्थापन कंपनीचा पत्ता स्वतंत्रपणे शोधून तेथे विचारावे. मोठ्या जहाजांना आणि अनेक मोठ्या यॉटना सात अंकी आयएमओ क्रमांक असतो. नाव किंवा ध्वज बदलला तरी तो बदलत नाही, म्हणून तोही मागावा. मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट ठेवून घेण्यासाठी कोणाच्याही हाती देऊ नयेत.

नोकरीचा करार घरातील दुसऱ्या एखाद्या माणसानेही वाचावा. मालक म्हणून कोणाचे नाव आहे, नौकेचे नाव व ध्वज कोणता, पद कोणते, पगार किती, कोणत्या चलनात व किती तारखेला, रजा किती, आजारपणाचा खर्च कोणाकडे आणि घरी परत पाठवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. सागरी श्रम कराराप्रमाणे जेवण विनामूल्य असते. विश्रांती दिवसाकाठी किमान १० तास व आठवड्याला किमान ७७ तास हा नेहमीचा दंडक आहे. नोकरी सोडण्याची वा सोडवण्याची पूर्वसूचना ७ दिवसांपेक्षा कमी नसावी. आणि दोघांच्या सहीची प्रत नाविकाकडे राहावी. मात्र जी यॉट कधीच भाड्याने दिली जात नाही, निव्वळ मालकाच्या वापरात असते, तिला हा करार सामान्यतः लागू होत नाही. तेथे नाविकाला जे संरक्षण मिळते ते मुख्यतः करारात लिहिलेल्या शब्दांचे. म्हणून तेथे वाचन दुप्पट काळजीने व्हावे.

पालकहो, मुलगी किंवा मुलगा अशा नोकरीचा विषय काढतो तेव्हा घरात दोनच प्रतिक्रिया उमटताना दिसतात. एक म्हणजे सरळ नकार, आणि दुसरी म्हणजे कोणा ओळखीच्याच्या शब्दावर रक्कम उभी करण्याची धडपड. नकार मिळालेले मूल पुढचे कागद लपवून करते, आणि दलालाला तेच हवे असते. या दोहोंपेक्षा अर्ज समोर घेऊन त्याच्या दोन्ही बाजू एकत्र वाचणे अधिक हिताचे. परिचयपत्रातील प्रत्येक ओळ खरी आहे काय, हे आईवडिलांइतके कोणाला ठाऊक असणार? आणि समोरून आलेल्या पत्रातील प्रत्येक ओळ तपासली काय, हे विचारण्याचा अधिकारही त्यांनाच आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यात वर्तणुकीचा एक रकाना असतो. मुलाविषयी दुसऱ्या कोणी सहीनिशी लिहिलेला तो पहिला शब्द. साठ वर्षांत या शाळेने असे कितीतरी दाखले दिले, आणि ते घेऊन गेलेली मुले आज निरनिराळ्या शहरांत, बंदरांत, कार्यालयांत आहेत. त्यांच्यातील जे नौवहनात, हॉटेल व्यवसायात किंवा परदेशी नोकरीत आहेत, त्यांनी आपली नावे माजी विद्यार्थी संघाकडे नोंदवावीत. एखाद्या मुलाचे परिचयपत्र वाचून देणे, एखाद्या संस्थेचा परवाना पडताळून पाहणे, एखादा करार समजावून सांगणे, एवढेच काम त्यांच्याकडे येईल. त्याला अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात एखाद्या घराची आयुष्यभराची पुंजी वाचू शकते आणि एखाद्या मुलाला खऱ्या कागदांवर समुद्र गाठता येऊ शकतो.